पाय निघत नाही

पांढरी.

गावाला जमिनी दोनच. काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत माणूस राहतो. काळी ढेकळांची, ओल धरून ठेवणारी. पांढरी राखेची, शेणाची, चुलीच्या पोतेऱ्याची. पिढ्यान् पिढ्या सारवलेल्या, सांडलेल्या, झाडून उंबऱ्याबाहेर लोटलेल्या संसाराची. माणसं राहून राहून माती पांढरी होते. गाव उठतं. पांढरी उरते.

घोड नदीच्या उजव्या काठाला, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, अशी एक पांढरी आहे. पावणेतीन हजार वर्षांपूर्वी उठलेल्या गावाची.

मी तिच्यावर उभा आहे. चपला कडेला काढून ठेवल्यात. का काढल्या, सांगता येणार नाही. इथे देऊळ नाही.

ऊन तिरपं झालंय. दुपारभर सपाट वाटलेली जमीन आता हळूहळू आपले चढउतार दाखवू लागली आहे. पांघरुणाखाली झोपलेल्या माणसाचा गुडघा कळावा, खांदा कळावा, तशी.

बाळा, तू इथेच होतास ना?

की होतीस?

तेही मला ठाऊक नाही. इतक्या कोवळ्या हाडांवरून मुलगा की मुलगी, ते ओळखता येत नाही म्हणतात. पण आपल्या भाषेची माया अशी, की तिनं लहानग्यांसाठी वेगळंच घर बांधून ठेवलंय. लेकरू. ना तो, ना ती. ते.

तर मग, तू इथेच होतंस ना?

*

तुझं घर मला दिसत नाही.

दगड नव्हताच त्यात. कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचं लिंपण, वर गवताचं छप्पर. असं घर कोसळत नाही. विरतं. खांब कुजून जातो आणि खांबाच्या जागी त्याच्याच जाडीचा मातीचा एक गोल उरतो, भोवतीच्या मातीहून जरा गडद, जरा भुसभुशीत. बोट दाबलं तर आत जाईल असा. खणणाऱ्यांना तुझं घर सापडलं ते असं. भोकांच्या रांगेनं. चार भोकं, मग एक वळण, मग पुन्हा भोकं. मधे चूल.

जे नाही, त्याच्या मापानं ओळखलेलं घर.

इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे पहिली चूल पेटली. इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास शेवटची विझली. मधे नऊशे वर्षं. जव, गहू, मसूर, वाटाणा. नदीचं पाणी वळवून आणलेला पाट. कुंभाराची भट्टी. चुना करणाऱ्याचं घर. आधी ऐसपैस चौकोनी घरं. शेवटी शेवटी लहान, गोल, एकमेकींना बिलगून बसलेल्या झोपड्या. एका रांजणावर कुणीतरी ओरखडून बैलगाडी काढली होती. चाकं. बैल. कुठे निघाली होती ती गाडी?

निघाली का?

संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचं नाव इथल्या भांड्यांना मिळालं. तांबूस, केशरी अंग, त्यावर काळ्या रेघा. पक्की भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. अजून वाजतात.

मडक्याचा आवाज इतका टिकतो.

तुझा कुणी ऐकला असेल, तर तिनं ऐकला असेल. ती गेली.

*

तुला ठेवलं ती मडकी मात्र वाजणारी नव्हती.

करडी, जाड, हातानं थापलेली. दोन. आडवी. तोंडाला तोंड लावून. ओंजळीवर ओंजळ पालथी घालून काजवा धरावा, तसं तुला धरलं होतं. डोकं उत्तरेला. सोबत तोटीचं एक भांडं, एक वाडगा. त्यात काय होतं, ते मातीनं कधीच पिऊन टाकलं.

उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, असं माझी आई अजून म्हणते.

आणि खड्डा कुठे? रानात नाही. नदीवर नाही. घरात. पायाखालच्या जमिनीत.

वर तुझी आई राहायची. म्हणजे तुला ठेवून झाल्यावर तिनं ती माती आपल्याच हातानं थापून बसवली असेल, ओलसर जागेवर सारवणाचा हात फिरवला असेल, आणि उजाडल्यावर त्याच जमिनीवर चूल पेटवून, जव भरडून, धाकट्याला मांडीवर घेऊन, थोरल्यावर ओरडून, घरच्यांच्या पुढ्यात वाडगे मांडून, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली एकेक भांडं सरकवत, रात्री दमून कूस बदलताना ती अशी काही पडली असेल की तिच्या कुशीच्या आणि तुझ्या मडक्यांच्या मधे फक्त काही वितींची माती, आणि त्या वितींतून वरून तिची ऊब खाली झिरपत असेल, खालून तुझं गप्प राहणं वर येत असेल, असं रोज, असं वर्षानुवर्षं, आणि ती म्हातारी होऊन गेल्यावर तिच्या सुनेनं त्याच जमिनीवर नवा थर सारवला असेल, खाली कोण आहे हे ठाऊक असताना, किंवा ठाऊक नसताना.

गेलेल्यांसकट राहायची जागा. तिला तुझी माणसं घर म्हणत असतील.

*

आणि मोठी माणसं.

तीही घरातच. नाहीतर अंगणात. उताणी, डोकं उत्तरेला.

पाय घोट्याखालून तोडलेले.

हे वाक्य मी अनेकदा वाचलंय. दर वेळी ते एकदम संपतं. त्या पायांसारखं.

का, ते मी विचारणार नाही. विचारणारे विचारून गेले, आपापली उत्तरं ठेवून गेले. मला फक्त तो क्षण दिसतो. कुणीतरी आपल्याच माणसाच्या पायथ्याशी बसलंय. बाहेर उजेड की अंधार, कळत नाही. हातात काय आहे, ते मी बघत नाही. एवढंच दिसतं, की ज्या पायांच्या मागून लहानपणी शेताकडे पळत जायचं, ते पाय समोर आहेत. आणि थोड्या वेळानं नसणार आहेत.

निरोप घेताना आपण म्हणतो, पाय निघत नाही. किती सहज म्हणतो. अंगणात उभं राहून, पिशवी खांद्याला, एसटीची वेळ झालेली, आणि पाय निघत नाही.

इथे निघू दिले नाहीत.

जाऊ नकोस, असं सांगायच्या माणसाकडे किती तऱ्हा. हात धरणं. दार अडवणं. जेवून जा म्हणणं. आणि ही एक.

*

मग आम्ही आलो.

१९६८ साली डेक्कन कॉलेजची माणसं इथे उतरली. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी, म. के. ढवळीकर, आणि त्यांची मुलंमुली, शिकणारी. १९८३ पर्यंत, हंगामामागून हंगाम. राहुट्या. खुंट्या. सुतळीनं आखलेले चौकोन, चौकोनाचौकोनांत उभे सोडलेले मातीचे बांध. कुदळ. मग खुरपी. मग चाकू. मग कुंचला. जितकं जवळ जावं तितकं हत्यार लहान होत जातं.

शेवटी फुंकर.

खड्ड्याच्या उभ्या भिंतीचा फोटो काढायचा असला, की आधी तिच्यावर पाणी शिंपडतात. कोरडी असते तेव्हा ती मुकी, एकरंगी. पाणी पडलं की थर जागे होतात. राखेचा करडा. जळक्याचा काळा. जमिनीचा पिवळट. आणि त्यांच्यामधे सारवणाच्या पातळ, पातळ रेघा, एकीवर एक, एकीवर एक, बाईच्या हाताच्या. रोजची एक ओळ लिहून ठेवावी तशा.

तेवढ्यात ऊन लागतं. पाणी सुकतं. भिंत पुन्हा मिटते.

राहुटीसमोर खापरं धुऊन वाळत घातलेली. उन्हात तांबडं अंगण. एकेक खापर पालथं करून त्याच्या पाठीवर काळ्या शाईनं बारीक अक्षरं. गाव. खड्डा. थर. ज्या भांड्याला घरात कधी नाव नव्हतं, त्याच्या तुकड्यातुकड्याला पत्ता मिळाला.

यात कुणी वाईट नव्हतं, बाळा. हे मला नीट सांगू दे. तुला इतक्या हळुवार हातांनी त्याआधी एकाच बाईनं हाताळलं असेल.

पण आजीच्या ट्रंकेतली जुनी रेशमी साडी तुला कशी सांगू? वर्षानुवर्षं घडीत असते, तोवर असते. पाहावी म्हणून उलगडली, की घडीवरच फाटते. उलगडल्याशिवाय काठ दिसत नाहीत. आणि काठ दिसले, की ती साडी नेसण्याची राहत नाही, नुसती आठवण म्हणून ठेवायची होते.

तशी तुझी जमीन उलगडली.

सुनेचं सारवण निघालं. आईचं निघालं. मग मडकी. मग तू.

हाडं कागदात, कागद पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. पुणं.

मोठी माणसंही गेली. कधी कुठे जाऊ नयेत म्हणून घरात ठेवलेली, घोट्याखाली काही नसलेली ती माणसं, नदी सोडून, पांढरी सोडून, पुण्याला गेली.

१९८८ साली अहवाल छापून आला. नकाशे, तक्ते, मापं, छायाचित्रं. शंभरावर घरं, एकेका घराला आकडा. तुझं गाव आता तिथे राहतं. कागदावर.

तिथली पांढरी खरोखरच पांढरी आहे.

*

"काय बघताय, बाबा? हितं काय बी नाही."

मागे एक म्हातारी. डोक्यावर गवताचा भारा. मला वाटलं, सावली पडली.

नुसतंच बघतोय आजी, म्हटलं. तिनं भारा उतरवला आणि माझ्या शेजारी टेकली, आपल्याच ओट्यावर टेकावं तशी. चपलांकडे एकदा पाहिलं, माझ्या पायांकडे एकदा पाहिलं, आणि काही विचारलं नाही.

मग म्हणाली, ती होती इथे. कामाला. पाट्या उचलायला. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या साली.

"मडकी लागली की साहेब लोक थांबा म्हनायचे. मग आम्ही बाया कडंला बसायचो. ते कुंचल्यानं झाडायचे. लई हळू. तान्ह्याचं तोंड पुसावं तसं."

नदीकडून वारा आला. उसाच्या पात्यांची सळसळ झाली आणि थांबली.

"आमच्यात बी तान्हं जाळत नाहीत," ती म्हणाली. "पुरत्यात."

मी काही बोललो नाही.

"माझं एक हाय तिकडं." हात नदीकडे केला. नीट कुठे, ते बोट काही सांगेना. "दगड ठिवला व्हता खुणंला. पुरात गेला."

एवढंच. पुन्हा त्यावर शब्द नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाण्याकडेही नाही. दोहोंच्या मधे कुठेतरी.

तीन हजार वर्षं म्हणजे किती, हे मला आकड्यांनी कधी कळलं नव्हतं. ते तिच्या हाताएवढं होतं. या टेकाडावरून त्या काठाकडे केलेल्या.

भारा उचलायला मी हात दिला. जाताना म्हणाली, "उन्हाचं बसू नका फार." ऊन तर उतरलंच होतं.

*

पाहायला काय आहे?

सुट्टीचे बेत आखताना हा प्रश्न येतोच. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर गाड्या थांबतात, तिकिटं फाटतात, बस भरभरून माणसं वाघूरच्या दरीकडे जातात. तिथे डोळ्याला धरायला रंग आहे. वेरूळला कातळ आहे. रायगडाला पायऱ्या आहेत. पार तिकडे इटलीत, पाँपेईला, राखेनं गाडलेली माणसं विरून गेली आणि त्यांच्या जागी त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ साली ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, आणि पोकळीनं माणूस परत दिला. कुशीवर वळलेला. तोंडावर हात घेतलेला. त्यांच्यापुढे आता जगभरची माणसं रांगेनं सरकतात, फोन उंच धरून.

इथल्या पोकळ्या कुणी भरल्या नाहीत. तुझ्या घराच्या खांबांची भोकं भोकंच राहिली, आणि मग तीही राहिली नाहीत.

पर्यटक म्हणजे पाय शाबूत असलेला माणूस. येतो, पाहतो, निघतो. त्याचा पाय निघतो. निघायलाच हवा, परतीची गाडी असते. मीही तोच आहे. चपला काढल्यानं काही वेगळा होत नाही. वारसा, वारसा म्हणतो आम्ही. १८ एप्रिल हा त्याचा दिवसही आहे, त्या दिवशी भाषणं होतात, फेऱ्या निघतात. पण वारस तो, जो मागे घरात राहतो. दिवा लावतो. आम्ही तर पाहुणे. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावणारे.

आणि पाहायचंच म्हटलं, तर इथलं जे जे मोलाचं होतं ते ते दिसू नये म्हणून ठेवलेलं होतं.

एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, झाकणाची एक पेटी निघाली. तिच्यासोबत बाईची एक मूर्ती, डोकं नसलेली. आणि एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. भट्टीत न घातलेली माती. एका पावसात विरघळली असती. पाऊस तिच्यापर्यंत पोचू नये, डोळा तिच्यापर्यंत पोचू नये, म्हणून कुणीतरी तिला खाली, अंधारात, झाकणाशी ठेवून वरून सारवून टाकलं.

ती तीन हजार वर्षं टिकली ती अंधारामुळे.

तिला उजेड आम्ही दाखवला. तुलाही.

उजेड नेहमी चांगलाच असतो, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. आज या तिरप्या उन्हात, बाळा, मला ते नक्की वाटत नाही.

*

एकाचे पाय मात्र राहिले होते.

गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर. जवळ धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा एक कुंभ, पोट सुटलेला, चार पायांचा. आत माणूस. मांडी घालून बसवलेला. घोटे शाबूत, पावलं शाबूत.

त्याला दोन पाय. कुंभाला चार. एवढे पाय असून तो जागचा हलला नाही.

आणि तसाच आणखी एक कुंभ निघाला. चार पायांचा, तशाच पोटाचा. त्यात माणूस नव्हता.

खड्डा खणला होता. कुंभ घडवला होता. येणारा तेवढा आला नाही. मग त्यात काय पुरलं त्यांनी? वाट पाहणं पुरलं असेल. ते सडत नाही, त्याची हाडं होत नाहीत, त्याला आकडा देता येत नाही. खणणाऱ्याच्या कुंचल्याखालून ते अलगद निसटलं असेल, आणि अजून इथेच कुठेतरी, याच मातीत असेल.

तेवढं एक न्यायचं राहिलं.

*

किती ठिकाणं आहेत अशी. गोदावरीच्या, प्रवरेच्या, भीमेच्या काठाकाठानं. पांढरीचं टेकाड, वर निवडुंग किंवा मारुती, पायथ्याशी खापरं.

नेवाशाला, जिथे पुढे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे त्याच्याही दोन हजार वर्षं आधीचं एक लेकरू निघालं. तुझ्यासारखंच. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. मणी राहिले यात नवल नाही. पण दोरा राहिला होता. ज्या दोऱ्यात कुणीतरी संध्याकाळी, उजेड जायच्या आत, घाईनं मणी ओवले असतील, त्या दोऱ्याचा अंश तांब्याच्या हिरव्या गंजानं धरून ठेवला होता.

धरून ठेवणं. तांब्यालाही ते जमतं.

आणि प्रवरेकाठचं दायमाबाद. १९७४ साली एक भिल्ल माणूस झुडपाच्या बुडाशी खणत होता, तर मातीतून ब्राँझचा रथ वर आला. रथात उभा माणूस, पुढे बैलांची जोडी. मग गेंडा. हत्ती. रेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर. रथाला चाकं. रेड्याच्या पायांखाली चाकं. गेंड्याच्या पायांखाली चाकं. जायच्या तयारीनंच घडवलेली ती सगळी मंडळी, इतकी वर्षं मातीत उभ्याउभ्या थांबली, आणि मग गेली. काचेआड जाऊन पुन्हा थांबली. त्यांच्यापुढून आता माणसं चालत जातात.

चाकं थांबलेली. पाय चालतायत.

*

सूर्य नदीपलीकडे टेकला. टेकाडावरचं प्रत्येक खापर क्षणभर पेटलं, आणि प्रत्येकामागे त्याच्याहून लांब सावली पडली. इतकुशा तुकड्यांच्या एवढ्या सावल्या. थोडा वेळ वाटलं, सगळी भांडी पुन्हा आख्खी झालीत. सावल्यांची झालीत. रांजण, वाडगे, तोट्या. तुझी दोन मडकी, तोंडाला तोंड लावून.

मग त्या सावल्या एकमेकींत मिसळल्या, आणि नुसता अंधार झाला.

एक खापर माझ्या हातात आलं होतं. कधी उचललं, आठवत नाही. तांबडं, कडेला काळी रेघ. खिशात टाकायला काही अडचण नव्हती. कुणी पाहत नव्हतं. असंच तर गेलं सगळं, थोडं थोडं करून, प्रेमानंच.

जिथे होतं तिथे ठेवलं. जिथे होतं असं वाटलं, तिथे.

चपला अंधारात चाचपून हातात घेतल्या. घातल्या नाहीत. उतारावर एकदा थांबलो. कुणाला काही म्हणायचं होतं, पण आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणू नये, असं सांगतात. निघणाराही येतो म्हणतो.

येतो, म्हणालो.

ज्यांना पाय नव्हते त्यांना सांगितलं, की येतो.

उत्तर आलं नाही. उसातून वारा गेला. पांढरीत कुठेही दिवा नव्हता.

*

घरी पोचायला रात्र झाली. दारात आई.

कुठे गेला होतास म्हणाली. एका गावाला म्हटलं. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. गाडीत इतका वेळ लक्षात आलं नव्हतं. घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. बरोबर घोट्यापर्यंत. तिथे एक रेघ, आखल्यासारखी. रेघेवर मी होतो. रेघेखाली मी नव्हतो.

"पाय धू, मग आत ये," आई म्हणाली. मातीला जाऊन आलेल्या माणसाला सांगतात, तशी.

मोरीत उभा राहिलो. तांब्यानं पाणी घातलं. पहिल्या तांब्याला पाणी पांढरं झालं. दुसऱ्याला राखाडी. तिसऱ्याला नितळ. पांढरी मोरीच्या तोंडाशी थोडी रेंगाळली, गोल फिरली, आणि गेली.

उंबरा ओलांडून आत आलो. फरशीवर ओली पावलं उमटली. एक. दोन. तीन. टाच, चवडा, पाच बोटं, सगळी स्पष्ट.

मागे वळून पाहिलं, तोवर पहिलं पाऊल सुकलं होतं.